वकील तारखेला गेलेच नाहीत, केस निकाली निघाली: आता पुढे काय?

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत. नोकरीवरून काढलं म्हणून कोर्टात गेलो, वकिलावर विश्वास ठेवला, आणि वकिलाच्या चुकीने केसच गेली. त्यातली तीन निवडलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण ते लांबणं गरजेचं होतं.

प्रश्न १ : ताई नमस्कार. मी एका कारखान्यात २१ वर्षं मशीन ऑपरेटर होतो, २०१८ मध्ये कसलीही चौकशी न करता मला काढलं. २०१९ ला कामगार न्यायालयात केस लागली. वकील म्हणाले तुम्ही दर तारखेला यायची गरज नाही, तुमची साक्ष असेल तेव्हा मी बोलावतो. मी दोन-तीन महिन्यांनी फोन करायचो, ते सांगायचे चालू आहे, साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख पडलीय. मागच्या महिन्यात पुतण्याने मोबाईलवर केस बघितली तर १४ महिन्यांपूर्वीच डिसमिस झालेली! वकिलांना विचारलं तर म्हणाले ज्युनिअरने डायरीत तारीख चुकीची लिहिली, आता काही होत नाही. त्यानंतर फोनच उचलत नाहीत. माझं वय ५४ आहे, या वयात कोण नोकरी देणार. चूक त्यांची आणि भोगायचं मी? केस परत उभी राहील का?

उत्तर : दादा, राहू शकते. "आता काही होत नाही" हे तुमच्या वकिलांनी जे सांगितलं ते बरोबर नाही, आणि खरं सांगायचं तर या एका वाक्याने लोकांचं जेवढं नुकसान होतं तेवढं मूळ चुकीनेही होत नाही, कारण माणूस हताश होऊन घरी बसतो आणि मग उशिरावर उशीर चढत जातो. तुमचे १४ महिने तुम्हाला माहीत नसताना गेले, त्याचं उत्तर कोर्टाला देता येईल. पण मागच्या महिन्यात तुम्हाला कळलं, तिथून पुढचा प्रत्येक दिवस तुमच्या स्वतःच्या खात्यात जमा होतोय. तेव्हा हे वाचून झालं की कोर्टात जा.

कोर्टात जाऊन दोन गोष्टींच्या सर्टिफाइड कॉपीसाठी अर्ज करा. एक म्हणजे केस निकाली काढल्याची ऑर्डर आणि दुसरा अख्खा रोजनामा, पहिल्या तारखेपासून शेवटपर्यंत. लोक ऑर्डर घेतात आणि रोजनामा विसरतात, पण खरी गोष्ट रोजनाम्यातच असते. कोणत्या तारखेला कोण हजर होतं, वकिलांनी किती वेळा मुदत मागितली, "शेवटची संधी" कधी दिली, कॉस्ट (समोरच्याला द्यायचा खर्च) लावली होती का, सगळं तिथे असतं. कधी कधी तर वकिलांनी "नो इन्स्ट्रक्शन पुरसीस" दिलेली सापडते, म्हणजे माझा पक्षकार मला सूचना देत नाही असं लिहून देऊन ते बाजूला झालेले असतात आणि पक्षकाराला त्याचा पत्ताच नसतो. तसं निघालं तर तुमची बाजू फार बळकट होते, कारण वकिलाने असं हात वर केल्यावर कोर्टाने पक्षकाराला नोटीस काढायला हवी असं सुप्रीम कोर्टाने मलकियत सिंग विरुद्ध जोगिंदर सिंग या १९९८ च्या निकालात सांगितलंय. नोटीस निघाली होती का, तुमच्या पत्त्यावर पोचली होती का, हे बघायचं.

रोजनामा उलटाही जाऊ शकतो हं. एखाद्या तारखेला तुम्ही स्वतः हजर होतात आणि पुढची तारीख तुमच्यासमोर दिली गेली असं लिहिलेलं असेल तर "मला काहीच माहीत नव्हतं" हे वाक्य अर्जात चालणार नाही. म्हणून अर्ज लिहायच्या आधी रोजनामा वाचायचा, नंतर नाही.

आता ऑर्डरचा शेवटचा परिच्छेद नीट बघा. दोन प्रकार असतात आणि दिसायला सारखेच वाटतात. एकात लिहिलेलं असतं की अर्जदार आणि त्याचे वकील गैरहजर, म्हणून केस डिफॉल्टमध्ये काढून टाकली. दुसऱ्यात लिहिलेलं असतं की कामगाराने पुरावा दिला नाही, त्यामुळे त्याची मागणी सिद्ध होत नाही, म्हणून रेफरन्सचं, म्हणजे कोर्टाकडे निर्णयासाठी पाठवलेल्या वादाचं, उत्तर नकारार्थी. पहिल्यात तुमच्या म्हणण्यावर निर्णयच झालेला नाही, फक्त फाईल बंद झालीय. दुसरा मात्र कागदावर अवॉर्ड, म्हणजे कामगार न्यायालयाचा निकालच असतो, भले तुमच्या पाठीमागे झालेला. तिथे एकतर्फी अवॉर्ड रद्द करा असा अर्ज त्याच कोर्टात करायचा असतो, आणि असा अवॉर्ड रद्द करायचा अधिकार कामगार न्यायालयाला आहे हे ग्रिंडलेज बँकेच्या केसमध्ये १९८० सालीच ठरलंय. पुढे प्रश्न असा निघाला की अवॉर्ड प्रसिद्ध होऊन ३० दिवस उलटले, तो अंमलात आला, मग कोर्टाचा अधिकार संपतो का? त्यावर सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१८ मध्ये हरियाणा सूरज माल्टिंगच्या केसमध्ये सांगितलं की नुसता अंमलात आला म्हणून अधिकार संपत नाही. हा निकाल तुमच्या नव्या वकिलाला मुद्दाम दाखवा, कारण समोरची बाजू "आता या कोर्टाच्या हातात काही उरलं नाही" असं शंभर टक्के म्हणणार.

अजून एक, केस नंबरच्या आधी काय लिहिलंय ते बघा. "रेफरन्स आयडीए" असेल तर ती १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखालची. "कंप्लेंट यूएलपी" असेल तर आपल्या राज्याच्या १९७१ च्या कायद्याखालची, म्हणजे अनुचित कामगार प्रथांची तक्रार, आणि तिथे कामगार न्यायालयाच्या ऑर्डरविरुद्ध औद्योगिक न्यायालयात रिव्हिजनची, म्हणजे फेरतपासणीची, एक जास्तीची पायरी मिळते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झालीय, तुमची केस त्याच्या कितीतरी आधीची आहे, तर अर्जाच्या मथळ्यावर कोणत्या तरतुदी लिहायच्या ते वकिलांनाच ठरवू द्या. चुकीचं कलम लिहिलं म्हणून खरा अर्ज मरत नाही, पण समोरच्याला कारण कशाला द्यायचं.

आता तुमचा खरा प्रश्न, चूक त्यांची तर शिक्षा मला का. हाच प्रश्न १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे आला होता, रफिक विरुद्ध मुन्शीलाल. अलाहाबाद हायकोर्टात वकील हजर राहिले नाहीत म्हणून एका साध्या माणसाचं अपील गेलं. सुप्रीम कोर्टाने म्हटलं की खेड्यातला माणूस वकील नेमतो, फी देतो, कागद देतो, त्यापुढे त्याने काय करायचं? हायकोर्टाच्या दारात उभं राहून वकील आत गेला का हे बघत बसायचं का? अपील परत उभं केलं, आणि २०० रुपये कॉस्ट लावली ती त्या गैरहजर वकिलाकडून वसूल करायला सांगितली. मला हा निकाल फार जवळचा वाटतो, कारण त्यात न्यायाधीशांनी कोर्टाच्या बाहेर बाकावर बसलेल्या माणसाच्या जागी बसून विचार केलाय.

पण दादा, फक्त या निकालावर विसंबून अर्ज टाकू नका. १९९३ मध्ये सलिल दत्ता यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की वकिलाची चूक म्हटली की केस आपोआप परत उभी राहते असा काही नियम नाही, वकील हा तुमचा प्रतिनिधी असतो आणि त्याने केलेलं साधारणपणे तुम्हालाही बांधतं. तिथे पक्षकार शिकलेली, कामकाजाची माहिती असलेली कंपनी होती. आणि २०२४ मध्ये रजनीश कुमार विरुद्ध वेद प्रकाश या निकालात तर कोर्टाने चांगलंच सुनावलंय की पक्षकाराने स्वतः जागं राहायला हवं, वर्षानुवर्षं झोपून राहून सगळं वकिलावर ढकलता येणार नाही. म्हणजे कोर्ट तुमच्याकडे बघून विचारणार की वकील चुकले ते ठीक, पण तुम्ही काय केलंत? या एका प्रश्नाचं उत्तर म्हणजेच तुमचा अर्ज.

म्हणून प्रतिज्ञापत्र लिहिताना वकिलाला किती शिव्या घातल्या याला काही किंमत नाही. तुम्ही केलेले फोन हे तुमचं सोनं आहे. मोबाईलमध्ये जुने मेसेज असतील तर ते, "पुढची तारीख पडली" असा व्हॉट्सअॅप असेल तर तो, फी ऑनलाइन दिली असेल तर बँकेचं स्टेटमेंट, केस डिसमिस झाल्यानंतरही वकिलांनी तुमच्याकडून पैसे घेतले असतील तर ती एंट्री सगळ्यात वर लावा. फोन कंपनीकडून जितक्या मागचं कॉल डिटेल मिळेल तितकं काढून ठेवा, आजच, कारण जुनं काही कायम राहत नाही. मग तारखेप्रमाणे लिहायचं: या महिन्यात फोन केला, हे उत्तर मिळालं, या दिवशी पुतण्याने बघितलं, या दिवशी वकिलांना भेटलो, या दिवशी कॉपीसाठी अर्ज केला, या दिवशी कॉपी मिळाली, या दिवशी नवीन वकील केला. जे आठवत नाही ते बनवून लिहू नका, "साधारण अमुक महिन्यात" असं लिहिलेलं चालतं, खोटी तारीख उलटतपासणीत पकडली गेली की बाकी सगळं खरंही खोटं वाटायला लागतं. मी अशी प्रतिज्ञापत्रं बघितलीत ज्यात फक्त दोन ओळी असतात, "वकिलांनी कळवले नाही, सबब विलंब माफ व्हावा", आणि मग अर्ज फेटाळला की माणूस म्हणतो कोर्टात न्याय नाही. अहो, कोर्टाला सांगितलंच काय?

मुदतीचं आता. दिवाणी दाव्यात डिफॉल्टमध्ये गेलेली केस परत घ्यायला मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२२ प्रमाणे ३० दिवस असतात, आणि ते डिसमिस झालेल्या दिवसापासून मोजतात, तुम्हाला कळलं तेव्हापासून नाही. कामगार न्यायालयातही ३० दिवसच धरून चाला. म्हणजे तुम्हाला दोन अर्ज लागणार, एक केस परत उभी करायचा म्हणजे रिस्टोरेशनचा, आणि त्याच्याबरोबर उशीर माफ करायचा. १४ महिने ऐकून घाबरू नका. एन. बालकृष्णन विरुद्ध एम. कृष्णमूर्ती या १९९८ च्या निकालात ८८३ दिवसांचा उशीर सुप्रीम कोर्टाने माफ केलेला कायम ठेवलाय, आणि तिथेही वकिलाच्याच वागण्याचा प्रश्न होता. कोर्ट म्हणालं उशीर किती दिवसांचा हे महत्त्वाचं नाही, कारण पटतंय का ते महत्त्वाचं. कारण नसेल तर थोडासा उशीरही माफ होत नाही हे त्याच निकालात आहे, लोक फक्त पहिला अर्धा भाग वाचतात.

आता जरा अवघड काम सांगते. त्या जुन्या वकिलांना एकदा शांतपणे भेटा. रागावून नाही, सोबत भांडायला माणसं नेऊन नाही. त्यांना सांगा की डायरीत तारीख चुकीची लागली एवढंच खरंखरं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या, आणि डायरीच्या त्या पानाची झेरॉक्स द्या. वकिलाने स्वतः कबूल केलेली चूक आणि पक्षकाराने वकिलावर केलेला आरोप यात कोर्टाच्या नजरेत जमीन-अस्मानाचा फरक असतो. बरेच वकील देतात सुद्धा, चुकीचं त्यांनाही वाईट वाटत असतं, फोन न उचलण्यामागे बऱ्याचदा शरम असते. नाहीच दिलं तर लेखी पत्र पाठवा आणि ते पाठवल्याचा पुरावा अर्जाला लावा.

समोरची कंपनी काय म्हणेल तेही आधीच धरून ठेवा. त्यांचे साक्षीदार नोकरी सोडून गेले, रेकॉर्ड सापडत नाही, १४ महिन्यांत आम्ही निर्धास्त झालो वगैरे. याला उत्तर असं की चौकशी न करता काढलंय, त्यात त्यांचे कागदच कमी आहेत, आणि जे काही नुकसान आहे ते कॉस्ट देऊन भरून निघण्यासारखं आहे. कॉस्ट भरायची तयारी अर्जातच लिहा. आणि एक गोष्ट मनाची तयारी करून ठेवा, कोर्ट कदाचित अशी अट घालेल की पुढे कामावर परत घ्यायचा हुकूम झालाच तर या १४ महिन्यांचा मागचा पगार मिळणार नाही. माझं मत विचाराल तर अशी अट मान्य करून टाका, १४ महिन्यांसाठी २०१८ पासूनचा पगार पणाला लावू नका. चुकीच्या पद्धतीने काढलं असेल तर कामावर परत घेणं आणि मागचा पगार देणं हाच साधारण नियम आहे असं दीपाली सुरवसे यांच्या २०१३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, आणि ती आपल्याच राज्यातल्या शिक्षिकेची केस. त्यात हेही आहे की या काळात दुसरी नोकरी नव्हती हे कामगाराने आधी सांगायला हवं, तेव्हा मूळ केसमध्ये ते लिहिलंय का तेही नवीन वकिलाकडून तपासून घ्या.

अर्ज फेटाळला गेला तरी दार बंद होत नाही, हायकोर्टात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली रिट करता येतं. दिवाणी कोर्टात असता तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ४३ खाली अपील झालं असतं. पण हायकोर्ट खालच्या कोर्टात तुम्ही काय मांडलंत तेच बघतं, नवीन पुरावा तिथे उकरून काढता येईल या भरवशावर राहू नका.

पैशाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मला माहितीय ते मनात आहेच. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील मिळणाऱ्यांच्या यादीत औद्योगिक कामगार स्पष्टपणे आहेत, त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा बघावी लागत नाही. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीही त्या यादीत आहेत. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं ऑफिस असतं, नाहीतर १५१०० वर फोन करा. आणि पुतण्याला सांगा, तुमच्या केसचा जो १६ अक्षरांचा सीएनआर नंबर असतो तो फोनमध्ये सेव्ह करून ठेव आणि दर पंधरा दिवसांनी बघ. पोराने बघितलं म्हणून कळलं तरी.

प्रश्न २ : मॅडम, मी एका कंपनीत एचआर मॅनेजर होते. जून २०१९ मध्ये राजीनामा द्यायला भाग पाडलं, नाही दिला तर काढून टाकलं. वकिलांनी फेब्रुवारी २०२० मध्ये कामगार न्यायालयात केस टाकली. इतकी वर्षं चालल्यावर गेल्या महिन्यात कोर्टाने सांगितलं की मी कायद्याने "कामगार" नाहीच, म्हणून केस चालू शकत नाही. आता नवे वकील म्हणतात दिवाणी दाव्याची तीन वर्षांची मुदत संपलीये. म्हणजे मी चुकीच्या दारात उभी होते एवढ्यासाठी सगळं संपलं का?

उत्तर : नाही हो, संपलं नाही. अशाच वेळेसाठी मुदत कायद्यात कलम १४ आहे, नव्या वकिलांना ते उघडून बघायला सांगा. ज्या कोर्टाला अधिकारच नाही अशा कोर्टात तुम्ही चांगल्या हेतूने आणि मेहनतीने केस चालवत होतात, तर तो सगळा काळ मुदतीतून वजा होतो. केस टाकली तो दिवस आणि ती संपली तो दिवस, दोन्ही धरून. मग तुमचा हिशोब असा होतो: काढल्यापासून केस टाकेपर्यंत साधारण आठ महिने वापरले गेले, तीन वर्षांतले दोन वर्षं चार महिने शिल्लक, आणि ते गेल्या महिन्यातल्या ऑर्डरपासून पुढे मोजायचे.

याच्या अटी सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये कन्सॉलिडेटेड इंजिनिअरिंगच्या निकालात मांडल्यात. दोन्ही ठिकाणचे पक्ष तेच हवेत, विषय तोच हवा, आधीची केस प्रामाणिकपणे आणि काळजीने चालवलेली हवी, आणि ती अधिकार नसल्यामुळे किंवा तसल्याच दोषामुळे अडलेली हवी. वकिलाचा सल्ला चुकला म्हणून तुमचा हेतू वाईट ठरत नाही, पण कंपनीने पहिल्याच लेखी जबाबात "या कामगार नाहीत" असा आक्षेप घेतला असणार आणि तरी तुम्ही चार-पाच वर्षं तिथेच का थांबलात असं विचारलं जाईल. तुमच्या कामाचं स्वरूप बघता कामगार असल्याचा दावा खरंच करण्यासारखा होता, हे दाखवता आलं पाहिजे. कारण हुद्द्याचं नाव मॅनेजर असलं म्हणून माणूस मॅनेजर होत नाही, प्रत्यक्षात काय काम करत होतात ते बघतात. रजेच्या नोंदी ठेवणं, पगारपत्रक बनवणं एवढंच काम होतं आणि कुणाला नेमायचं-काढायचं ते वरचे लोक ठरवत होते, असं असेल तर ती ऑर्डरच चुकीची असू शकते आणि तिला हायकोर्टात आव्हान देता येईल.

इथे मात्र एक रस्ता निवडावा लागेल. हायकोर्टात "मी कामगारच आहे" म्हणायचं आणि दिवाणी कोर्टात "मी कामगार नाही" म्हणायचं, हे एकाच वेळी शोभत नाही. दिवाणी कोर्टात गेलात तर तिथे सहसा नुकसानभरपाई मिळते, नोकरी परत मिळत नाही, कारण खाजगी नोकरीचा करार जबरदस्तीने पाळायला लावता येत नाही. नोकरी परत हवीय की पैसे हवेत हे आधी स्वतःशी ठरवा, मला वाटतं इतक्या वर्षांनंतर त्या ऑफिसात परत जायची इच्छा तुम्हालाही नसेल, पण ते मी तुमच्यासाठी ठरवू शकत नाही.

आणि ग्रॅच्युइटी मिळालीय का? पाच वर्षं सलग नोकरी झाली असेल तर तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या कायद्याखाली ती मॅनेजरलाही मिळते, त्यासाठी "कामगार" असावं लागत नाही. तिचा अर्ज वेगळ्या अधिकाऱ्याकडे असतो. या भांडणात ती अडकवून ठेवायचं काहीच कारण नाही.

प्रश्न ३ : वकिलांनी अपील मुदतीत दाखल केलं नाही, आता दुसरा वकील करायचाय तर ते फाईल देत नाहीत आणि एनओसीपण देत नाहीत. म्हणतात आधी राहिलेली फी द्या. ग्राहक मंचात जाऊ का? बार कौन्सिलला तक्रार केली तर माझी केस परत सुरू होईल का?

उत्तर : फाईल अडवता येत नाही. फी राहिली म्हणून वकील पक्षकाराचे कागद दाबून ठेवू शकत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००० साली आर. डी. सक्सेना यांच्या केसमध्ये सांगितलंय, आणि असं करणं हे गैरवर्तनच धरलं. फी खरंच बाकी असेल तर ती वसूल करायला त्यांना दिवाणी कोर्ट मोकळं आहे. एनओसीसाठीही थांबू नका, नव्या वकिलांनी कारण सांगून कोर्टाची परवानगी घेतली की त्यांचं वकीलपत्र दाखल होतं. आणि ते फाईल देईपर्यंत वाट बघण्यापेक्षा तुम्ही स्वतः पक्षकार आहात, कोर्टातून सगळ्या कागदांच्या नकला काढा. चार पैसे जातील पण दिवस वाचतील, आणि मुदत चुकलेल्या अपिलात दिवसच महाग असतात.

ग्राहक मंचाचा रस्ता आता बंद झालाय. १४ मे २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ठरवलं की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. निष्काळजीपणाची भरपाई मागायची तर दिवाणी दावा करावा लागेल. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम ३५ खाली तक्रार करता येते, पण साधी चूक आणि गैरवर्तन यात ते फरक करतात. तारीख विसरणं बऱ्याचदा पहिल्यात बसतं, फाईल अडवणं दुसऱ्यात. त्या तक्रारीने वकिलावर कारवाई होऊ शकते, तुमचं अपील त्याने उभं राहत नाही, त्यासाठी उशीर माफीचा अर्ज वेगळाच करायचा आणि तो आधी करायचा. तक्रारीचा निकाल लागेल मग अर्ज करू असं म्हणत बसलात तर हाही उशीर तुमच्याच अंगावर येईल. हां, तक्रार खरी असेल तर तिची प्रत अर्जाला जोडा, कारण इतकं झालं तर वकिलाविरुद्ध साधी तक्रार तरी का केली नाही, हे कोर्ट बरेचदा विचारतं.

आधी त्यांना स्पीड पोस्टाने एक पत्र पाठवा. भाषा साधी ठेवा: माझे मूळ कागद सात दिवसांत परत करा, फीचा हिशोब लेखी द्या, अपील कधी दाखल करायचं ठरलं होतं आणि का झालं नाही ते कळवा. त्यांनी पत्र घेतलं नाही, परत आलं, तरी ते पाकीट फोडू नका. शिक्क्यासकट तसंच वकिलांकडे द्या, अर्जाला तेच जोडायचंय.